मॅलकीने मागे घेतलेला शब्द

मॅलकी गॉहन एकोणीस वर्षं डब्लिनच्या संसदेत आमचा खासदार होता. त्याची तिथली सगळी भाषणं छापली तर त्यांची जेमतेम चोपडी झाली असती.

"तोंड उघडलं तर दात पडतात का रे तुझे?" डेलिया विचारायची. ती त्याची थोरली बहीण. आमच्या बेटावरचं एकुलतं दुकान तिचं.

"बोलणारे पुष्कळ आहेत तिथं."

"मग तू काय करतोस?"

"त्यांचं कधी संपतंय याची वाट बघतो."

त्या वर्षी बेटावरच्या नर्सचं पद रद्द व्हायला निघालं. आम्ही दोनशे माणसं, डॉक्टर पाण्यापलीकडे. होडी रोज सुटते, मग नर्स कशाला, असं सरकारचं म्हणणं. मॅलकीनं संसदेत प्रश्न टाकला. मी टपालवाला, होडी सुटली नाही त्या तारखा मीच त्याला लिहून दिल्या.

त्या दुपारी सभागृहात नऊ माणसं होती. वर प्रेक्षकांत डेलिया आणि मी. मंत्र्यांनी आणलेला कागद वाचला: गेल्या हिवाळ्यात होडी एकही दिवस चुकली नाही.

"खोटारडा!" मॅलकी ओरडला.

अध्यक्ष उठले. "हा शब्द इथं चालत नाही. मागे घ्या, नाहीतर बाहेर जा."

बाहेर गेला असता तर प्रश्न तिथंच संपला असता आणि नर्सही गेली असती. डेलियानं माझं मनगट आवळलं. "घेऊ नको, मेल्या," ती पुटपुटली. गॉहनांनी कधी कुणाची माफी मागितलेली नव्हती. त्यांचा बाप एका कुंपणावरून शेजाऱ्याशी अकरा वर्षं बोलला नव्हता.

मॅलकीचे कान लाल झाले. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. त्याच्या प्रश्नाची दोन मिनिटं उरली होती.

"शब्द मागे घेतो, अध्यक्ष महोदय. आता तारखा वाचतो."

आणि त्यानं वाचायला सुरुवात केली. घरी आम्ही रोझरीची जपमाळ म्हणतो तसं, श्वास न घेता. नऊ जानेवारी, होडी नाही, बार्टली मंगनच्या छातीत कळ. दहा जानेवारी, होडी नाही. चौदा जानेवारी, होडी नाही, सोर्खा लॅव्हेल बाळंत, नर्सनं सोडवली. एकतीस तारखा. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तो खाली बसत होता.

परतताना होडीत डेलिया त्याला फक्त एवढंच म्हणाली, "बापाचं नाव घालवलंस."

तो समुद्राकडे बघत राहिला. समुद्र करडा होता, आणि त्याला कुणाच्या नावाशी देणंघेणं नव्हतं.

सभागृहाला चुकीची माहिती दिली तर मंत्र्यानं स्वतः उभं राहून ती दुरुस्त करायची, अशी तिथली रीत आहे. पुढच्या मंगळवारी मंत्री उभे राहिले. होडी एकतीस दिवस सुटली नव्हती, असं म्हणाले. नर्सचं पद कायम राहील, असंही म्हणाले.

कामकाजाची छापील प्रत मीच टपालातून आणली. दुकानात माणसं दाटली होती. मी मोठ्यानं वाचू लागलो. मॅलकी दाराशी उभा होता, म्हणून मी अध्यक्षांच्या बोलण्यानंतर थेट तारखांवर गेलो.

"थांब," डेलिया म्हणाली. "एक ओळ गाळलीस."

"असू दे गं," मी म्हणालो.

"शब्द मागे घेतो, ती. वाच. आणि नीट वाच, मागच्यांना ऐकू जाईल असं."