नंदूच्या डेकवरचं दुसरं पान

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळात कुणाचं काही अडलं, की नंदूला फोन जातो. एअरपोर्टवरून कुणाच्या काकूंना आणायचंय? नंदू. गणपतीचं मखर? नंदू. या माणसाला स्वतःच्या वडिलांना मात्र खांदा देता आला नाही. व्हिसा अडकला होता. बाबा रागावून गेले, हे त्याच्या मनात घट्ट बसलं होतं.

बाबांच्या फोटोसाठी नंदूच्या बायकोनं, पद्मिनीवहिनींनी, एक जुनी फ्रेम आणली. शेजारची अमेरिकन आजी घर विकून निघाली होती, तिच्याकडची. आत एक कोवळा जपानी लष्करी अधिकारी.

आजी म्हणाली, "फोटो युद्धानंतर माझ्या वडिलांनी टोकियोहून आणला. हा पोरगा छत्तीस सालच्या लष्करी बंडात होता. बंड फसलं, याला गोळ्या घातल्या."

वहिनींना फोटो टाकवेना. त्यांनी तो तसाच ठेवून त्यावर बाबा बसवले, वर हार घातला.

तेव्हापासून उन्हं कलली, की बाबांच्या टकलावर लष्करी टोपी उमटायला लागली. आम्ही मंडळातले मित्र खूप हसलो. मग टोपीखाली डोळेही दिसायला लागले. त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून उठलो.

पितृपंधरवड्यात घरामागच्या लाकडी डेकवर केळीचं पान मांडलं. पान फ्रोझन, पण खीर-वडे गरम. कावळे आले, कुंपणावर रांगेत बसले. हलेनात. ओरडेनात.

"बाबा, चुकलं," नंदूनं हात जोडले. "आईला इकडे आणतो." काही नाही. "स्मोकिंग सोडतो." तरी नाही.

वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, हार दोघांना आणि पान एकालाच?"

"यार, मी त्याचा कोण लागतो?"

"रोज फुलं वाहता. आता लागताच."

दुसरं पान आलं. नंदू अवघडून म्हणाला, "साहेब, बंडाचं आता काही जमायचं नाही. जेवून घ्या."

एक कावळा सरळ त्या पानावर उतरला. वडे, खीर बाजूला सारून नुसता भात खाल्ला, अगदी शिस्तीत. बाकीचे रांगेत तसेच, गप्प. खाऊन झाल्यावर तो ताठ उभा राहिला, बाबांच्या पानाकडे वळला आणि कमरेत वाकावं तसा वाकला.

मग सगळी रांग बाबांच्या पानावर उतरली.

नंदू मटकन खाली बसला. हसत होता की रडत होता, कळेना. म्हणाला, "बाबा कधी पाहुण्याच्या आधी जेवलेत का रे?"