सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी

आमच्या धंद्यात पगार वाढत नाही, किस्से वाढतात. माझ्याकडं एवढे साठलेत, की विकायला काढले तर माझ्या जिवाणूंच्या पाकिटांपेक्षा जास्त खपतील!

मी सांगलीची, मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. साताऱ्याच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून शिराळ्यात आले, हे माझ्या हुशारीचं पहिलं उदाहरण. इथं एका खताच्या दुकानामागच्या खोलीत मी रायझोबियम वाढवते. हे जिवाणू सोयाबीन, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. पीक त्यांना साखर देतं. आम्ही ते काळ्या पावडरीत मिसळून पाकिटात भरतो. पेरणीआधी गुळाच्या पाण्यातून बियाण्याला चोळायचं, झालं काम. जिवाणू कधी त्रास देत नाहीत, त्रास माणसं देतात.

*

पहिला मान आमच्या साहेबांचा, म्हणजे दुकानाच्या मालकांचा. ऐन मे महिन्यात त्यांनी माझी सगळी पाकिटं बाहेर रस्त्याकडेला मांडली.

"साहेब, जिवंत आहेत हो ते! उन्हात मरतात!"

साहेबांनी गंभीरपणे विचार केला. "बरं. मग मेलेली वेगळी काढा. त्यांना डिस्काउंट लावू."

*

एका गिऱ्हाइकानं विचारलं, "यात किती जिवाणू हायत?"

"कोट्यवधी."

"मोजलं कुणी?"

"मीच मोजते. रोज."

त्यानं माझ्याकडं लय दयेनं बघितलं. "घरी कोण न्हाई का तुमाला?"

*

आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे आबा, फौजेतून रिटायर झालेले. शिस्तीचा माणूस. त्यांनी बुरशीचं औषध आणि माझे जिवाणू एकाच बादलीत कालवले.

"आबा, औषधानं जिवाणू मेले की सगळे!"

"आसं? मंग पाकिटावर ठळक ल्ह्या की, आपल्याच जवानांवर गोळी झाडू नगा!"

खरं सांगते, एवढी चांगली सूचना मला आमच्या साहेबांनी कधी केली नाही.

*

एक दिवस एक शेतकरी तणतणत आला. काउंटरवर उपटलेल्या सोयाबीनचा भारा आपटला. "ह्ये बघा! तुमच्या पावडरीनं मुळास्नी गाठी आल्या! रोग लागला रोग!"

मी आतून हात पुसत येईपर्यंत साहेबांनी भाऱ्याकडं न बघताच त्याला गाठींवरचं औषध देऊनसुद्धा टाकलं होतं!

तो एसटी धरायला गेलासुद्धा होता, म्हणून मी भाऱ्यातलं एक रोप घेऊन स्टँडपर्यंत पळत गेले. एसटीत चढून, एक गाठ नखानं फोडून त्याला आतला गुलाबी रंग दाखवला. "दादा, ह्या गाठींसाठीच तर पावडर असते! आतून गुलाबी म्हणजे कामाला लागलेली गाठ!" पटलं त्याला. औषध परत घेऊन मी दुकानात आले.

साहेब भडकले. "खपलेला माल परत आणलात? बास झालं, मॅडम! पुढच्या पेरणीला आबांच्या रानात पाहणी ठेवा. पाकिटाचा फरक दिसला तर ठीक, नाहीतर खोली रिकामी करा. मला तिथं युरिया ठेवायचाय."

माझ्या जिवाणूंच्या जागी युरिया! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

आबांच्या रानात दोन पट्टे केले. डावीकडं पाकीट लावलेलं सोयाबीन, उजवीकडं न लावलेलं. "उजवीकडं कायसुद्धा लावायचं नाही," हे मी आबांना तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा सॅल्यूट ठोकला.

दीड महिन्यानं पाहणीला गाव लोटलं. मी डावीकडचं रोप उपटलं. गाठीच गाठी, आतून गुलाबी! लोक माना डोलवायला लागले. मग ऐटीत उजवीकडचं उपटलं.

तेवढ्याच गाठी. तेवढ्याच गुलाबी.

"मंग पाकीट कशाला पायजे?" मागनं कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. साहेबांनी तिथंच युरियाची पोती खोलीत हलवायला हमालाला फोन लावला. मी बांधावरच बसले.

तेवढ्यात आबांची बायको पदर सावरत पुढं आली. आम्ही त्यांना काकू म्हणतो.

"आवं, पाकिटातलं उरलं हुतं. म्या उजवीकडच्या बियाण्याला बी चोळलं."

"मी नको म्हणलो हुतो न्हवं?" आबा गरजले.

"म्हणला हुता. पर दोन्ही रानं आपलीच. एकाला वाढायचं आन दुसऱ्याला उपाशी ठिवायचं? ह्ये मला न्हाई जमत!"

मग त्या मघाशी हसणाऱ्यांतलाच एक हळूच म्हणाला, "काकूनं गुपचूप लावलं म्हंजी कायतरी आसणारच की रं! हरभऱ्याला आमाला बी पायजे."

साहेब फोनवर म्हणाले, "थांब जरा. पोती उचलू नको."

*

हरभऱ्याच्या पेरणीला दुकान उघडायच्या आधीच लोक उभे होते. मी पहिल्या माणसापुढं पाकीट ठेवलं. त्यानं उलटसुलट करून बघितलं आणि परत सरकवलं.

"मॅडमचं नको. काकूचं द्या."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांनी तेच पाकीट उचललं, आत गेले, आणि तेच घेऊन बाहेर आले.

"हे घ्या, काकूंचं!"

त्यानं पुन्हा उलटसुलट करून बघितलं.

"हां! ह्येच."