बाबांचे दोन सर

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि वर्षभरात त्यांनी प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. आयुष्यभर त्यांनी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढलं होतं, म्हणजे प्रेशर, टेंपरेचर, पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल. आता त्यांना भिलाईच्याच जुनवानी भागातल्या आमच्या घरावरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली हॉलमध्ये बसून बघायचं होतं. बाजारात तसं यंत्र मिळतं, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मले मालूम आहे मिळते म्हणून. मले बनवायचं आहे."

त्यांनी टाकीच्या झाकणाला लावायचा सेन्सर आणला, एक छोटं इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणलं. सेन्सरबरोबर जो तयार कोड आला तो सी या जुन्या भाषेत होता. मी बारा-पंधरा वर्षं सीमध्येच काम करतो. वीज मीटर बनवणाऱ्या एका कंपनीसाठी घरून, वरच्या मजल्यावर बसून. मला वाटलं, चला, बाबा आता माझ्या गल्लीत आले. पण त्यांनी सी घेतली नाही. कुठेतरी व्हिडिओ बघून त्यांनी एक नवी भाषा निवडली. तिच्यात सीचा कोड जसाच्या तसा जोडता येतो, आणि चुका मात्र ती आधीच पकडते. मी म्हटलं, "बाबा, आधी सी शिका. मग ती."

"नवीच शिकतो. माह्याजवळ जुनं शिकायले टाइम नाई."

सुरुवातीला एकदा ते लॅपटॉप घेऊन वर आले. माझी मीटिंग चालू होती. कान त्या मीटिंगमध्ये ठेवून मी त्यांचा लॅपटॉप ओढला, चार ओळी बदलल्या, प्रोग्राम चालवून दाखवला आणि परत दिला. ते जरा वेळ उभे राहिले. मग खाली गेले. मी खूश होतो. बाबांचं काम माझ्या हातून झालं होतं.

त्यानंतर ते वर आले नाहीत.

काही दिवसांनी आई चहा घेऊन वर आली आणि म्हणाली, "तुहे बाबा लॅपटॉपपुढं बसून हसून राहिले."

"कोणाशी?"

"कोन मालूम. सर म्हनते त्याइले."

खाली जाऊन विचारलं तेव्हा बाबांनी लपवलं काहीच नाही. उलट कौतुकानं सांगितलं. नवशिक्यांसाठी हिंदीत चालणारा एक मंच त्यांना सापडला होता. कोणीही काहीही विचारावं, ज्याला येतं तो उत्तर देतो. तिथे एक जण होता, त्याच्या फोटोच्या जागी एका पक्ष्याचं चित्र. बाबा त्याला पक्षीवाले सर म्हणत. "असा माणूस पाह्यला नाई मी. कितीबी मूर्खासारखं विचारलं तरी चिडत नाई."

मी वर येऊन तो मंच उघडला. बाबांना शोधायला वेळ लागला नाही. त्यांनी रिटायरमेंटच्या दिवशीचा हार घातलेला फोटो लावला होता. त्यांचा पहिला प्रश्न होता, एक व्हेरिएबल बनवून ठेवला, अजून वापरला नाही, एवढ्यावर कोड तपासणारा कंपायलर अडून का बसतो? 'उसका क्या बिगड़ रहा है?' असं बाबांनी लिहिलं होतं. दुसरा प्रश्न, दोन शब्द अक्षर न् अक्षर सारखे असताना बरोबरीचं चिन्ह लावून ते सारखे आहेत का असं विचारू का देत नाही?

पक्षीवाल्याचं उत्तर मी वाचलं. त्यानं लिहिलं होतं: 'आप क्या पूछ रहे हैं? दोनों थैले एक ही हैं, या दोनों थैलों में चावल एक-सा है? भाषा अंदाज़ा नहीं लगाना चाहती, इसलिए आपसे साफ़ कहलवाती है।' आणि खाली, अक्षरं एकेक करून तपासायची असतील तर काय लिहायचं ते.

उत्तर चांगलं होतं. एवढी वर्षं या धंद्यात राहून मला तांदळाची थैली सुचली नसती. ते वाचताना माझ्या छातीत जे झालं त्याला दुसरा शब्द नाही, मी जळलो. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःला मुलगी आहे, आणि माझ्या बापाला तिसऱ्याच कोणीतरी समजावलं म्हणून जळतोय. कोण हा? कुठे राहतो? याला दुसरी कामं नाहीत का? मी त्याची जुनी उत्तरं काढून वाचली, चूक सापडते का म्हणून. चूक सापडली नाही. त्यामुळे आणखी जळलो.

मग मीही त्या मंचावर खातं उघडलं. फोटो लावला नाही, नाव भलतंच घेतलं. बाबांचा पुढचा प्रश्न आला त्या दुपारी मी हातातलं काम बाजूला ठेवून पक्षीवाल्याच्या आधी उत्तर टाकलं. अचूक होतं, मुद्देसूद होतं. बाबांनी खाली लिहिलं, 'धन्यवाद।' तासाभरानं पक्षीवाल्यानं तेच सोपं करून सांगितलं, तर बाबांनी त्याला चार ओळी लिहिल्या, हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि तब्येतही विचारली.

ते माझ्या जिव्हारी लागलं. मी पुढच्या वेळी थांबलो. बाबा काय विचारताहेत त्याआधी ते कुठे अडलेत ते बघायला लागलो. त्यांनी एक फंक्शन लिहिलं होतं. ते टाकीची पातळी वाचून 'टाकी अर्धी' असा मजकूर तयार करायचं आणि बाहेर पाठवायचं. पहिल्यांदा मजकूर नीट दिसायचा, पुढच्या वेळी नुसता कचरा. बाबा वैतागले होते. 'मशीन ठीक है, सेन्सर ठीक है, फिर ये बीच में कौन मिटाता है?'

यावेळी मी लिहिलं: 'कंट्रोल रूम का बोर्ड याद कीजिए। शिफ्ट ख़त्म, तो बोर्ड साफ़। आपका फंक्शन अपनी शिफ्ट के बोर्ड पर रीडिंग लिखकर अगले आदमी को सिर्फ़ इतना बताता है कि बोर्ड कहाँ टँगा है। वह पहुँचता है तब तक वहाँ किसी और का लिखा है। अगले आदमी से कहिए कि अपनी स्लेट साथ लाए। आप उसी पर लिखकर दीजिए।' आणि खाली तीन ओळींचा कोड. फंक्शन बोलावणाऱ्यानंच जागा द्यायची, फंक्शननं त्यात भरायचं.

संध्याकाळी मी खाली चहाला बसलो तर बाबांचा चेहरा उजळलेला. आईला सांगत होते, "अवं, एक दुसरे सर आले आता. त्याइनं असं समजावलं ना, बोर्डाचं उदाहरण देऊन! माह्या डोक्यात दिवा लागला." मग माझ्याकडे वळले. "तुले येते का रे असं सांगता?"

मी म्हटलं, "येत असेल."

"असेल काय. येते तं सांगत कावून नाई?"

आई हसली. आता मी कोणावर जळत होतो? दुसऱ्या सरांवर. बाबांच्या तोंडून जी तारीफ मी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती ती माझ्यासमोर बसून ते करत होते, आणि ती मला घेता येत नव्हती.

तरी मी सोडलं नाही. रोज दुपारी जेवण झालं की बाबा खाली हॉलमध्ये प्रश्न टाकत आणि वर मी उत्तर लिही. पक्षीवाल्याशी माझी शर्यत लागली होती, त्याला ते माहीत नव्हतं. आमच्या जिन्याच्या बारा पायऱ्या सोडून आम्ही बापलेक कुठल्या कुठून फिरून एकमेकांशी बोलत होतो. बाबा मोकळे होत गेले. एकदा त्यांनी खाजगी निरोप पाठवला. 'सर, मेरा बेटा भी यही काम करता है। बहुत होशियार है। पर उससे पूछने में संकोच होता है। बाप हूँ। उसके सामने अनपढ़ दिखना अच्छा नहीं लगता। आपके सामने चल जाता है।'

त्याला काय उत्तर द्यायचं? मी लिहिलं, 'बेटे को बुरा नहीं लगेगा।'

त्यांनी लिहिलं, 'बेटे को नहीं, मुझे लगेगा।'

थोड्या वेळानं पुन्हा निरोप आला. 'आपने कंट्रोल रूम की बात की थी। आप भी प्लांट में थे क्या?' लहानपणी बाबांना डबा द्यायला गेट पास काढून एकदोनदा गेलो होतो, तेव्हा तो बोर्ड बघितला होता. मी लिहिलं, 'मैं नहीं। मेरे पिताजी थे।'

'किस प्लांट में?'

आता खोटं लिहिणं सोपं होतं. राउरकेला लिहिलं असतं, बोकारो लिहिलं असतं, काय फरक पडला असता. मी लिहिलं, 'भिलाई।'

खालून बाबांचा आवाज आला, आईला हाक मारून सांगत होते, "अवं, ते सर भिलाईचेच हायेत!" आणि माझ्या पडद्यावर त्यांचा प्रश्न उमटला, 'अरे वाह! हम भी भिलाई के। आप किधर रहते हैं?'

मी टाइप करायला बोटं ठेवली आणि उचलली. उठलो, जिना उतरलो. बाबा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते, चष्मा नाकावर, नजर पडद्यावर. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "जुनवानी."

"काय जुनवानी?"

"तुम्ही विचारलं ना, किधर रहते हैं. जुनवानीत राहतो. वरच्या मजल्यावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"हो."

"ते बोर्डवालं बी तूच?"

"हो बाबा."

मला वाटलं होतं ते हसतील. आपण दोघंही हसू, आई विचारेल काय झालं, मग तीही हसेल. बाबांनी लॅपटॉप बंद केला. हळूच, आवाज न करता. "म्हणजे मी लिहिलं ते सारं तू वाचून राहिला होता," ते म्हणाले. उठले, चप्पल घातली आणि फिरायला निघून गेले. भर दुपारी, उन्हात.

आई मला म्हणाली, "तुले वरूनच लिहून नाई सांगता आलं का?" मी तिला विचारलं की त्यानं काय फरक पडला असता.

पुढचे बरेच दिवस ते माझ्यासमोर लॅपटॉप उघडत नव्हते. जेवताना बोलत, भाजी-पाण्याचं, माझ्या मुलीच्या शाळेचं. टाकीचा विषय निघत नव्हता. मंचावर ते प्रश्न टाकत, ते मला दिसत, पण मी उत्तर देत नव्हतो. पक्षीवाला देत होता. मैदान त्याला मोकळं मिळालं होतं. बाबा त्याला पुन्हा चार-चार ओळी लिहायला लागले. मी वर बसून त्या वाचायचो आणि मीटरच्या कोडमध्ये चुका करायचो.

मग एक दिवस ते लॅपटॉप घेऊन वर आले. दारातच थांबले. "मीटिंग आहे का?"

"नाही."

"एक विचारतो. पण कीबोर्डले हात लावायचा नाई."

मी दोन्ही हात मांडीखाली घातले. त्यांनी विचारलं, मी तोंडानं सांगितलं, त्यांनी एका बोटानं टाइप केलं. चुकलं. पुन्हा सांगितलं. माझी बोटं मांडीखाली शिवशिवत होती. तासभर लागला. जाताना म्हणाले, "बरं सांगते तू. पक्षीवाले सर जरा जास्त बरं सांगते."

टाकीचं यंत्र दिवाळीआधी चालू झालं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी छोटा पडदा लागला आणि आईनं पहिल्याच दिवशी मोटर वेळेवर बंद केली. शेजारचे बघून गेले. मला वाटलं, आता मंच सुटेल.

सुटला नाही. बाबा आता उत्तरं द्यायला लागले होते.

कोणी कॉलेजातली मुलगी होती. तिनं विचारलं होतं, मेमरीच्या एका छोट्या खान्यात जास्तीत जास्त दोनशे पंचावन्न हा आकडा मावतो, त्यात एक मिळवला तर प्रोग्राम एकदम बंद का पडतो? बाबांनी तिला प्रेशर मोजायच्या गेजचं उदाहरण दिलं. काटा शेवटच्या आकड्याला पोचला, पुढे जागा नाही. जुन्या भाषेत काटा गपचूप फिरून शून्यावर येतो आणि ऑपरेटरला वाटतं प्रेशरच नाही. इथे तसं होण्याआधी सायरन वाजतो. 'बेटा, घबराना नहीं, सायरन दुश्मन नहीं है।' मुलीला तरी नीट कळलं नव्हतं. बाबांनी तिला परत लिहिलं, मग आणखी एकदा, न चिडता, प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेनं.

मी प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. भागाकार अडला की मी पाटी घेऊन बाबांच्या खाटेपाशी जायचो. शिफ्ट करून आलेले असायचे ते. डोळे न उघडता म्हणायचे, "पुस्तकात पाह्य." पुस्तकात पाहून पाहून मी इथवर आलो. आणि ही कोण कुठली मुलगी, हिला तीनदा!

चहाच्या वेळी माझ्या तोंडून निघूनच गेलं. "बाबा, मले असं कधी समजावलं नाही तुम्ही."

त्यांना लगेच कळलं मी काय वाचून आलोय. खारी चहात बुडवून त्यांनी ती तशीच धरून ठेवली. "तवा मलेच कुठं येत होतं," ते म्हणाले. "भागाकार येत होता. समजावनं नव्हतं येत." बुडवलेला तुकडा कपात पडला. ते चमच्यानं काढत बसले.

त्या मुलीला दिलेल्या त्यांच्या उत्तरात एक बारीक गोष्ट राहिली होती. प्रोग्राम वेगासाठी तपासण्या काढून बनवला, तर हा सायरन वाजत नाही. मी वर जाऊन ते लिहायला बसलो, तर पक्षीवाल्यानं आधीच लिहून टाकलं होतं. त्याच्या उत्तराखाली बाबांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. आणि त्याखाली त्या मुलीचा नवा प्रश्न आला होता, सरळ बाबांना उद्देशून, 'अंकल जी' म्हणून. मी उत्तर दिलं नाही. खालून एका बोटानं टाइप केल्याचा आवाज येत होता, तो ऐकत बसलो.