सारसोळे जेट्टीवर अपिलाचा व्हिडिओ

ईमेल आला तेव्हा चहा अजून गॅसवरच होता. व्हिडिओ प्लॅटफॉर्मचे नियम बदलले होते. ज्या चॅनेलवर माणसाचा चेहरा नाही, आवाज नाही, सगळे व्हिडिओ एकाच साच्यातले वाटतात, त्यांचं उत्पन्न बंद. माझं प्रवासाचं चॅनेल असंच आहे, नुसती दृश्यं आणि संगीत. अपील करायचं तर आठवडाभरात स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन काम कसं करतो ते दाखवायचं.

तासाभरात सुगंधाताईंचा फोन आला. त्या नेरूळजवळच्या खाडीकाठच्या सारसोळ्याच्या, चॅनेलमुळेच ओळख झालेली. मासे, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे साफ करायचे व्हिडिओ टाकतात. त्यांत फक्त हात दिसतात.

"मना पन मेल आलाय. तुमी येता का व्हिडिओ काढायला?"

घरात बसवत नव्हतंच. ऐरोलीहून नेरूळला थेट गाडी आहे, पुढे रिक्षा. वाटेत चार वेळा ईमेल उघडून बघितला, जसं काही मजकूर बदलणार होता. जेट्टीवर जाणार असाल तर भरतीची वेळ बघून निघा. मी बघितली नाही. होड्या चिखलात रुतलेल्या.

ताई टोपली घेऊन बसल्या होत्या. मी रेकॉर्डिंगसाठी फोन समोर उभा केला. त्या दोनदा अडखळल्या.

"आमच्या बोलीला लोक हसतात. म्हनून तर कधी बोलले नाय. ह्यो बघनार कोन?"

"माहीत नाही. बहुतेक मशीन."

"मंग मशीनला काय सांगू? तुमी बसा समोर."

मी बसले. त्यांनी चिंबोरी मागून धरली, नांगी बांधली आणि मला सांगायला लागल्या. आईनं कसं शिकवलं, बोट कसं फाटलं, मादी कशी ओळखायची. वीस मिनिटं. मग चिंबोरीचं कालवण, तांदळाची भाकरी. पैसे विचारले तर रागावल्या.

चौथ्या दिवशी त्यांचं अपील नामंजूर झालं, दोन ओळींत.

"त्यांनी बघितला तरी का ओ?" फोनवर त्यांनी विचारलं. मग त्यांनी तोच व्हिडिओ चॅनेलवर टाकला. खाली उरणकडच्या जासईच्या एका बाईनं लिहिलंय, 'माजी आय अशीच बोलायची.'

माझी मुदत उद्या संपते. आज दुपारी खिडकीशी फोन उभा करून रेकॉर्डिंग चालू केलं, नाव सांगितलं, ऐरोलीत राहते म्हणाले. पुढे काय सांगायचं, सुचेना. तीन वर्षांत चॅनेलवर मी एक शब्द बोललेले नाही. रेकॉर्डिंग मात्र बंद केलं नाही.