भावोजींच्या सायकलचे ब्रेक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि नवऱ्याला मी सगळं सांगते, कारखान्यात कोण कुणाशी बोलत नाही इथपासून वजनकाट्यावर आलेल्या आकड्यापर्यंत. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात घरात जे झालं, त्यानंतर पोटात मावेना म्हणून. सुरुवात सायकलपासून करते. सायकलबद्दल मला तासन्‌तास बोलता येतं, आणि मूळ गोष्ट तेवढी लांबवता येते.

आमचं घर मुरब्याला, समुद्राच्या अंगाला. मी बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. कशात काय मिसळलंय, किती मिसळलंय, ते शोधायचं. जाते-येते सायकलने. सकाळी वारा पाठीशी असला की बोईसरच्या अलीकडची सरावली कधी आली कळत नाही. संध्याकाळी तोच वारा तोंडावर आला की मी त्याला मनातल्या मनात ज्या शिव्या देते त्या इथे लिहिता येणार नाहीत.

खाऱ्या वाऱ्यात सायकल सांभाळणं म्हणजे काय, ते किनाऱ्यावरच्यालाच विचारा. दोन दिवस साखळीला तेल दिलं नाही की तिसऱ्या दिवशी ती लाल. स्क्रू गंजून बसतात, वायरी आतल्या आत कुजतात. म्हणून आमच्याकडे घरोघरी दाराशी एक तेलकट फडकं असतंच. कुलपाला, विळीला, होडीच्या इंजिनाला, सगळ्याला तेच. लोखंड दिसलं की हात आपोआप त्या फडक्याकडे जातो.

रविवारी मी बोईसर-पालघरच्या दहा-बारा सायकलवाल्यांबरोबर जाते. बाई मी एकटीच. सुरुवातीला माझं चाक पंक्चर झालं की चौघे धावायचे — ‘ताई, राहू द्या, आम्ही करतो.’ मी राहू द्यायची नाही. मग एकदा केळव्याच्या रस्त्यावर राऊतांच्या सायकलचा मागचा गिअर वाकला. राऊत म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, सगळ्यांना शिकवणारे. त्यांना जमेना. मी दहा मिनिटांत सरळ करून दिला. तेव्हापासून कुणाची सायकल कुरकुरली की आधी माझ्याकडे यायची. ‘ताईला दाखवा.’ हे दोन शब्द मला किती आवडायचे, सांगू? पगारवाढीपेक्षा जास्त. मी वरवर ‘त्यात काय एवढं’ म्हणायची आणि घरी येईपर्यंत ते मनात घोळवायची.

आता भावोजी. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. होडीचे तांडेल — म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात, आणि कुठे जाळं टाकायचं, कधी परत फिरायचं, हे त्यांच्या शब्दावर. तीस वर्षं. डॉक्टरांनी साखर वाढलीय, रोज चाला म्हणून सांगितलं, तर म्हणाले, “रस्त्यानं उगाच चालायला मी काय खुळा हाय?” मग त्यांच्या मुलाची, नितेशची, धूळ खात पडलेली डोंगरी सायकल मी त्यांना काढून दिली. साखळी बदलली, सीट वर घेतलं, टायर जाड होते ते रस्त्याचे घातले. दोन महिन्यांत भावोजी माझ्यापुढे. चढावर तर माझ्याशी बोलत बोलत पुढे जायचे — आणि मला बोलायला श्वास नसायचा.

आम्ही दोघांनी जव्हारला जायचं ठरवलं. सामान लादून जायचं, रात्री राहायचं, दुसऱ्या दिवशी परत. भावोजींनी जुन्या ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या, जाळ्याच्या दोऱ्याने. इतक्या बारीक टाक्यांच्या की मी त्यावर बादलीभर पाणी ओतून बघितलं, थेंब आत गेला नाही. त्यांची बोटंच तशी.

एवढ्या सामानानिशी घाट उतरायचा तर जुने रबरी ब्रेक पुरणार नाहीत, असं मीच म्हणाले. डिस्क ब्रेक बसवू, म्हणजे चाकाच्या मध्याशी पोलादी चकती आणि तिला दोन्हीकडून धरणारे पॅड. सायकलला तशी सोय होती, फक्त चाकं बदलावी लागणार होती. नवरा म्हणाला, पालघरला दुकानातून बसवून घ्या. भावोजी म्हणाले, “दुकानात कशाला? आपली हर्षला हाय ना.”

दोन संध्याकाळी खपून मी ब्रेक बसवले. छान बसवले — हे मी आजही म्हणते. मग घाटाची सवय व्हावी म्हणून आधी रविवारी टोळीबरोबर वाघोबाचा घाट करायचा ठरला. शनिवारी संध्याकाळी मी ओट्यावर शेवटचं सगळं बघत होते. दोन दिवसांच्या वाऱ्याने त्या कोऱ्या, चकचकीत चकत्यांवर तांबूस ठिपके आले होते. भावोजी शेजारी चहा घेत बसले होते. मी त्यांना जव्हारचे चढ समजावत होते — म्हणजे शहाणपणा शिकवत होते — आणि हात चालत होता. फडकं घेतलं. पुढची चकती पुसली. मागची पुसली. ठिपके गेले.

मागची पुसता पुसता लक्षात आलं.

डिस्कला तेल लागू द्यायचं नसतं. थेंबभर नाही. तेल पॅडमध्ये मुरतं आणि ब्रेक नुसता घासतो, धरत नाही. हे मला माहीत नव्हतं का? टोळीतल्या सगळ्यांना हे सांगणारी मीच होते! आणि दिवसभर कारखान्यात मी दुसरं काय करते? कणभर काय मिसळलं तर माल फुकट जातो, हेच तर बघते.

मग मी काय केलं? सुकं फडकं घेतलं आणि त्याने पुसलं. स्पिरिट घरात होतं. पॅड काढून घासायला अर्धा तास लागला असता. पण भावोजी समोर बसले होते. ते विचारतील, काय झालं गे? आणि मला म्हणावं लागेल, चुकलं माझं. एवढंच. ‘चुकलं’ म्हणायला लागू नये म्हणून मी सुक्या फडक्यावर भागवलं. निघालं असेल तेल, असं स्वतःला सांगितलं आणि भात लावायला आत गेले.

सकाळी पालघरला सिग्नलपाशी त्यांचे ब्रेक किंचाळले. त्यांनी वळून विचारलं, आवाज कसला? त्या आवाजाचा अर्थ मला ठाऊक होता. मी म्हणाले, नवीन आहेत, हळूहळू बसतील. नवे ब्रेक बसायला वेळ घेतात, हेही खरंच आहे. खोटं बोलायला खरी गोष्ट किती सोयीची पडते, नाही?

पुढचं लवकर सांगते. घाट चढलो. वर वाघोबाला नमस्कार केला, केळी खाल्ली, माकडांनी राऊतांची पिशवी पळवली, हसलो. मग मनोरच्या बाजूला उतार. मी पुढे होते. भावोजी माझ्या बाजूने सुसाट गेले. क्षणभर मला वाटलं, अंगात आलंय यांच्या — आणि मग दिसलं की ते दोन्ही पाय रस्त्यावर घासत होते. वळणावर समोरून ट्रक येत होता. त्यांनी सायकल कडेच्या गटारात घातली.

गळपट्टीचं हाड मोडलं. गुडघे सोलवटले. जीव वाचला, ट्रकखाली गेले नाहीत. हे मी चांगलं म्हणून सांगत नाहीये.

कुणीतरी गाडी बोलवली. राऊतांनी सायकल उभी केली आणि माझ्याकडे बघितलं. “ताई, ब्रेक?” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सायकल हातात घेतली, त्यांच्याकडे पाठ केली, दोन्ही ब्रेक आवळले आणि पुढे ढकलली. सायकल गेली. आरामात गेली.

मी म्हणाले, “ब्रेक ठीक आहेत.”

विचार करून नाही म्हणाले. तोंडातून निघालं. आणि निघाल्यावर इतकं हलकं वाटलं की मी पुन्हा एकदा म्हणाले. भावोजी दगडाला टेकून बसले होते, हात छातीशी धरून. ते म्हणाले, “मी धरले होते गे. दोन्ही धरले होते.” मी त्यांच्यापाशी गेले, पाणी दिलं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की घाबरल्यावर होतं असं, आपल्याला वाटतं धरले. 

इथे थांबले असते तरी चाललं असतं का? नसतं. पण मी थांबलेच नाही, ते ऐका. त्या दुपारी मी दार लावून पॅड बदलले. जुने खाडीत टाकले. चकत्या स्पिरिटने तीनदा पुसल्या. मग शेताडीच्या रस्त्यावर पंधरा-वीस फेऱ्या मारून ब्रेक बसवले, एका बोटाने चाक जागच्या जागी थांबेल असे. आणि तिसऱ्या दिवशी, घरातले सगळे जमलेले असताना, सायकल ओट्यावर आणली. का आणली? कुणी मागितली नव्हती. कुणालाही संशय नव्हता! मला तो उद्या येईल असं वाटत होतं, म्हणून आणली. भावोजींचा डावा हात गळ्यात बांधलेला. मी त्यांना म्हणाले, बघा तुम्हीच. त्यांनी उजव्या हाताने ब्रेक धरला. मी चाक फिरवलेलं होतं, ते जागीच थांबलं. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा थांबलं. मग ब्रेक सोडून त्यांनी स्वतःचा हात बघितला, उलटा, सुलटा.

“मंग माज्याच हातानं नसंल धरला,” म्हणाले. “आबांचं बी असंच सुरू झालं होतं.”

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना शेवटी कंप होता, पेलाही धरता यायचा नाही. मला हे माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नव्हतं. आणि भावोजींनी म्हटल्यावर आठवलं, तेव्हा तरी मी बोलले का? जाऊबाई रडायला लागल्या. मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले.

हाड दीड-दोन महिन्यांत जुळलं. डॉक्टरांनी हात तपासून काही नाही म्हणून सांगितलं. पण डॉक्टरांना काय कळतंय, ब्रेक तर हर्षलाने तपासले होते — असं त्यांचं झालं. सायकल सोडली. ती काय, सोडली तर सोडली. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या तेव्हा त्यांनी सुकाणू नितेशच्या हातात दिलं. पाच माणसं होडीवर असतात, म्हणाले, आयत्या वेळी हाताने दगा दिला तर? चहाची कपबशी ते आता दोन्ही हातांनी धरतात. चारचौघांत असले तर घेतच नाहीत.

आणि दिवसभर ते अंगणात जाळी विणतात. मी कामावर जाताना बघते, येताना बघते. एक टाका इकडचा तिकडे होत नाही. हे दुसऱ्या कुणाला दिसत नाही का? की माणसाने स्वतःच सांगितलं की घरातले बघणं सोडून देतात? तीन वर्षं मी त्यांच्यासमोरून सायकल काढतेय. माझी साखळी, माझे टायर, माझं नवं हँडल, सगळ्याची चौकशी करतात. जव्हारला मी टोळीबरोबर जाऊन आले. त्यांनी शिवलेल्या पिशव्या लावून. त्यांनीच दिल्या.

आता गेल्या महिन्यातलं. नितेशला कावीळ झाली. ऐन हंगाम, होडी किनाऱ्याला, खलाशी तयार, आणि तांडेल नाही. बाहेरचा माणूस शोधायचा तर कोण, कसा, सगळे ओट्यावर बसून बोलत होते. शेवटी माझा नवराच म्हणाला, दादा, तूच जा ना, दोन खेपांचा तर प्रश्न आहे. भावोजी म्हणाले, “नाय रे. हाताचा भरवसा नाय.” मग म्हणाले, “हर्षलाला विचार. तिला ठावं हाय.”

सगळे माझ्याकडे वळले. भावोजीही. तेव्हा मला दिसलं की त्यांनी सकाळीच दाढी केली होती. होडीवर जायच्या दिवशी ते अशी सकाळीच दाढी करायचे. एरवी आता चार-चार दिवस करत नाहीत. मी ‘जा’ म्हणावं, यासाठी ते थांबले होते. कबुलीही द्यायची गरज नव्हती. ‘जा भावोजी, काही होत नाही’ — एवढं म्हटलं असतं तरी ते उठले असते.

पण ‘जा’ म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग तेव्हा काय झालं होतं? हे मी मोजलं. तिथे बसल्या बसल्या, सगळे बघत असताना, मोजलं. आणि म्हणाले, “नको भावोजी. उगाच जोखीम नको.”

“बरोबर हाय,” ते म्हणाले आणि उठून आत गेले.

सातपाटीचा माणूस मिळाला. होडी गेली. त्यांच्या हाताला काहीही झालेलं नाही, तेव्हाही नव्हतं. आमच्या घरात हे एकट्या मला माहीत आहे.