बावखलातली स्कूटर

नवऱ्याच्या पोटरीत पाण्याखाली गोळा आला, तिथून हे सगळं सुरू झालं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकून घेतलं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, पायांत बदकासारखे लांब फिन्स. मला ते बऱ्यापैकी जमलं. त्यालाही जमलं, पण जरा लांब गेलो की त्याच्या पोटरीत गोळा यायचा आणि तो तळाशी पाय धरून बसायचा. मासे जवळ येऊन बघून जायचे. शिकवणाऱ्या सरांनी शेवटी त्याला पाण्याखालची स्कूटर घ्यायला सुचवलं. हिला चाकं नसतात. लहानसं पिंप, त्याच्या मागे जाळीत बसवलेला पंखा आणि धरायला दोन मुठी. खटका दाबला की ती आपल्याला ओढत नेते, पाय हलवायचंसुद्धा काम नाही.

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीत ही बातमी अर्धीच पोचली. सेक्रेटरींनी जिन्यात गाठून सांगितलं की दुसऱ्या गाडीसाठी पार्किंग मिळणार नाही. नवऱ्याने त्यांना सगळं नीट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे, पण लिफ्टसमोर लावू नका.

माझा नवरा नोकरीभर कर्ज खात्यात होता. समोरच्यावर संशय घेण्याचा त्याला पगार मिळत असे, आणि ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. बाजारातली प्रत्येक स्कूटर त्याने कर्ज मागायला आल्यासारखी तपासली. बॅटरी किती टिकते, किती खोल चालते, विमानात नेऊ देतात का, सोडून दिली तर तरंगते की बुडते. चहाला हाच विषय, जेवायलाही हाच. शेवटी दोन उरल्या. एक मोठी, दणकट, वेगवान. दुसरी कलिंगडाएवढी. त्याचं मन मोठीवर बसलं होतं. माझं छोटीवर, कारण त्याची कंबर लक्षात घेता ते धूड गाडीपर्यंत कोण नेणार हे मला ठाऊक होतं.

सरांनी दोन्ही आम्हाला वापरून बघायला दिल्या. आता बघायच्या कुठे? आमच्या जवळचा भुईगावचा समुद्र गढूळ, त्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत. पोहण्याच्या तलाववाल्यांनी यंत्राचं नाव ऐकूनच नकार दिला. मग मला माझं माहेर आठवलं. वटारला आमची केळीची वाडी आहे आणि वाडीत बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायचं तळं. मी पोहायला तिथेच शिकले.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा दादाने बावखलाच्या काठी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. वहिनीने पोहे केले होते. आई मधल्या खुर्चीत बसली होती. तिला वाटलं होतं, जावई खरीखुरी स्कूटर पाण्यात घालणार आहेत, आणि ती थांबवायच्या तयारीनेच आली होती. यंत्र बघून तिचा जरा हिरमोड झाला.

नवरा मोठी स्कूटर घेऊन पाण्यात उतरला. तिला एक सोय होती: खटका सतत दाबून बोट दुखू नये म्हणून तो अडकवून ठेवता येत असे. ही सोय किती उपयोगाची आहे हे त्याने छातीभर पाण्यात उभं राहून आम्हाला सविस्तर सांगितलं. सांगता सांगता खटका अडकवला. त्याच क्षणी चष्म्यात पाणी गेलं म्हणून त्याने दोन्ही हात वर नेले, आणि स्कूटर निघून गेली.

ती एकटीच अख्ख्या बावखलाला फेरी मारू लागली. दादाची बदकं ओरडत काठावर चढली. नवरा तिच्यामागे पोहत निघाला, पण ती वेगवान असल्याचं तो आम्हाला महिनाभर सांगतच होता. दादा काठावरून सुचवत राहिला, "भावोजी, मागे जाऊ नका, समोरून अडवा." समोरून अडवायला गेल्यावर ती त्याच्या अंगावर आली आणि तो बाजूला झाला. अखेर ती स्वतःच जलपर्णीत घुसली, पंख्याला मुळं गुंडाळली गेली आणि घरघर करत बंद पडली.

नवरा बाहेर येऊन पोहे खात बसला. हसू दाबायला वहिनी पाण्याचा तांब्या आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

मग मी छोटी घेऊन उतरले. ती मला हळूहळू, बोट धरून नेल्यासारखी पलीकडे घेऊन गेली आणि परत घेऊन आली. आई म्हणाली, "यांना पण ने की मागे बसवून. पान्यात वजन कसलं लागतंय."

नवऱ्याला ते मुळीच पटलं नाही, पण सासूबाईंना नाही म्हणणं त्याला कधी जमलेलं नाही. त्याने माझ्या कमरेचा पट्टा धरला. आम्ही दोघं रांगत गेल्यासारखे बावखल पार करून गेलो. त्याचे पाय मागे निवांत तरंगत होते. पलीकडे पोचल्यावर पोटरी चाचपून तो म्हणाला, "पोटरी दुखली नाही."

छोटी घेतली. मोठी, पंख्यातली मुळं काढून, पुसून सरांना परत केली.

दिवाळीनंतर मालवणला गेलो. समुद्रात मी स्कूटर धरलेली, तो माझ्या पट्ट्याला. खडक चुकवायचे, बॅटरीवर नजर ठेवायची, आपण फार खाली तर जात नाही ना ते बघायचं. मी दमले. होडीवर चढल्यावर नवरा सरांना सांगत होता, एक ऑक्टोपस दिसला, खडकाखाली कोळंबी होती, आणि एक मोठा मासा तर बराच वेळ आमच्या शेजारून पोहत होता. मी विचारलं, कुठला मासा? मला पूर्ण वेळ समोरचं हिरवं पाणी तेवढं दिसलं होतं.

मी म्हटलं, पुढच्या फेरीला तू चालव, मी मागे बसते.

त्याने टॉवेलने कान पुसले. "नको," तो म्हणाला, "तुझा आता हात बसलाय."