ऑफ तासांची फारकत

भूगोलाच्या बाईंनी एकोणीस वर्षं शाळेचं वेळापत्रक केलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा तक्ता पसरायचा, त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि घरच्यांनी आठ दिवस ताटं हातात धरून जेवायचं. कोणाला कुठला वर्ग द्यायचा, हा त्यांच्या हातचा मळ होता. खरं कसब होतं ते ऑफ तासांत. शाळेत कोणाचं कोणाशी बिनसलं, की पुढच्या वर्षी बाई त्या दोघांचे मोकळे तास अशा बेताने लावत की स्टाफरूममध्ये ते समोरासमोर येऊच नयेत. गणिताच्या बाई आणि संगीतमास्तर यांचा छत्तीसचा आकडा, म्हणून बाईंना दुसरा तास मोकळा, मास्तरांना सहावा. अशी यादी वर्षागणिक वाढत गेली. शेवटी स्टाफरूममध्ये एका वेळी एखाददुसरंच माणूस दिसायचं, तेही वह्यांत डोकं घातलेलं. "माझ्या वेळापत्रकात कधी आवाज चढला नाही," असं बाई अभिमानाने सांगत. ते खरंच होतं. आवाज चढवायला समोर कोणीतरी लागतं.

यादीतली एक फारकत घरची होती. ग्रंथपालबाई म्हणजे त्यांच्या सख्ख्या जाऊबाई. सासूबाईंच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून सात वर्षांपूर्वी दोघींचं बोलणं तुटलं. तेव्हापासून भूगोलाच्या बाईंच्या वाट्याला वाचनाचा तास कधी आला नाही. देणार कोण? तक्ता त्यांच्याच टेबलावर.

मग नवे मुख्याध्यापक आले. शाळेचं वातावरण निकोप करायचं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांनी जिन्यात हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं लावली, वेळापत्रकाचं काम संगणकाला दिलं आणि बाईंना पेन देऊन मोकळं केलं. संगणकात शिक्षक भरले, वर्ग भरले, खोल्या भरल्या. रुसवे भरायला रकाना नव्हता.

नवं वेळापत्रक बाईंनी दोनदा वाचलं. मंगळवारी चौथ्या तासाला नऊजण एकदम मोकळे, त्यांत गणित, संगीत आणि त्या स्वतः. त्यांनी मुख्याध्यापकांना आडून आडून सांगून पाहिलं. यंत्र पक्षपात करत नाही, असं त्यांचं उत्तर आलं.

पहिल्या मंगळवारी नऊ माणसं कोपरे शोधू लागली आणि खोलीला चारच कोपरे असल्याने पंचाईत झाली. शेवटी गणिताच्या बाईंचा बांध फुटला.

"माझ्या वर्गाच्या डोक्यावरच्या तुमच्या त्या ढोलापायी अकरा वर्षं माझा एक तास धड झाला नाही."

मास्तर गडबडले. "मग सांगितलं का नाहीत? मला तळमजला केव्हाही चालला असता. ते जिने चढून माझे गुडघे गेलेत."

"सांगणार कधी? तुम्ही दिसता कुठे?"

कोणी भूगोलाच्या बाईंकडे पाहिलं नाही, तरी त्या नकाशाच्या गुंडाळीआड झाल्या. आठवड्याच्या आत संगीताचा वर्ग खाली आला.

गुरुवारी त्यांना वाचनाचा तास मिळाला होता. चार गुरुवार दोन्ही जावा ग्रंथालयाच्या दोन टोकांना बसल्या. पाचव्या गुरुवारी जाऊबाई पुस्तकं लावत लावत जवळ आल्या.

"रात्रीची जागरणं मी काढली, हे तुला माहीत होतं?"

"नाही. सकाळ-संध्याकाळचं सगळं मी केलं, ते तुम्हाला?"

"मी यायचे तेव्हा तू गेलेली असायचीस." जाऊबाईंनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "त्या पाळ्या कोणी लावल्या होत्या गं?"

बाईंनी मान खाली घातली. पाळ्या त्यांनीच लावल्या होत्या, कोणाची कोणाला अडचण नको म्हणून. जाऊबाईंना आधी हसू आलं, मग रडू. मुलांनी पुस्तकांतून माना वर काढल्या.

वर्षअखेरीच्या सभेत मुख्याध्यापकांनी शाळा कशी बोलू लागली ते सांगितलं आणि श्रेय जिन्यातल्या चित्रांना दिलं. मग मंगळवारच्या चौथ्या तासाला आपणही स्टाफरूममध्ये येऊन बसावं, असं मनात असल्याचं त्यांनी तिथेच बोलून दाखवलं. संगणकात तसा बदल करण्यासाठी दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या जाणकार म्हणून भूगोलाच्या बाईंना बोलावलं. त्याआधी त्या तासाचे बाकीचे आठजण बाईंना एकेकटे भेटून गेले होते.

बाईंनी संगणकासमोर बराच वेळ कळा दाबल्या.

"नाही हो सर," त्या म्हणाल्या, "यंत्र ऐकत नाही."